घरच्या कॉम्प्युटरची सुरक्षा : अँटिव्हायरस विकत घेण्याआधी करायची कामं

घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला कुणा हुशार हॅकरला रात्र जागवावी लागत नाही. बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी एखादी फाइल उघडतं, समोर आलेल्या चौकटीत न वाचता 'यस' दाबतं, किंवा फोनवरचा माणूस सांगेल ते ॲप टाकून घेतं. आत आलेल्या प्रोग्रामला मग कॉम्प्युटरचे सगळे अधिकार आयतेच मिळतात. म्हणून विचार करायचा तो दोनच गोष्टींचा: चुकून 'यस' दाबलं गेलंच तर नुकसान किती होईल, आणि झालेलं नुकसान भरून काढता येईल का? खालच्या कामांचा क्रम त्यावरून लावला आहे. विकतचा अँटिव्हायरस या यादीत नाही. ते पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च केले तर जास्त उपयोगी पडतील.

घरातली तीन-चार माणसं मिळून वापरतात असा विंडोज ११ होमचा कॉम्प्युटर इथे धरला आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. सगळं मिळून एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे, आणि त्यातला बराच वेळ कॉपी होण्यात आणि अपडेट उतरण्यात जातो.

सुरुवात बॅकअपने

पुढच्या कामांत अकाउंटचे अधिकार बदलायचे आहेत, कदाचित विंडोजही नव्याने टाकावं लागेल. त्यामुळे फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढून ठेवा.

दुकानात जुळवून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून दिलेले असतात. 'महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला टाकलंय' यालाच बरेच जण बॅकअप समजतात. पण सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तर जोडलेला प्रत्येक ड्राइव्ह धुंडाळतो.

बाहेरची डिस्क घ्या. तिच्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये फाइल सिस्टिम बघा. 'फॅट३२' असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो. डिस्क रिकामी असतानाच ती 'एनटीएफएस' मध्ये फॉरमॅट करून घ्या. मग 'कंट्रोल पॅनेल' मध्ये 'फाइल हिस्टरी' उघडा, ही डिस्क निवडा, 'टर्न ऑन' करा आणि 'रन नाऊ' दाबा. फाइल हिस्टरी फाइलच्या जुन्या आवृत्त्याही ठेवते, त्यामुळे आठवड्यापूर्वी चुकून पुसलेला मजकूर परत मिळतो. एक खोच मात्र आहे. ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरचीच प्रत घेते, डी ड्राइव्हवरचं काही आपणहून उचलत नाही. तिथल्या फोल्डरवर राइट-क्लिक करून 'शो मोअर ऑप्शन्स' आणि त्यातलं 'इन्क्लूड इन लायब्ररी' निवडलं की तो फोल्डर यादीत येतो.

प्रत घेऊन झाली की डिस्क 'इजेक्ट' करा, वायर काढा आणि कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते, मग तिचा उपयोग काय? महिन्यातून एकदा जोडली तरी पुरे. मुलांचे प्रोजेक्ट किंवा दुकानाचे हिशेब असतील तर आठवड्यातून एकदा. दर काही महिन्यांनी दोन-चार फाइली बॅकअपमधून प्रत्यक्ष परत काढून उघडून बघा. प्रत खराब निघाली तर ते आधीच कळलेलं बरं.

गुगल ड्राइव्हचे १५ जीबी किंवा वनड्राइव्हचे ५ जीबी फुकट मिळतात. निवडक कागदपत्रांची तिसरी प्रत म्हणून ते चांगले. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते आणि कचरापेटीत ३० दिवसच राहते.

दुकानातून आलेलं विंडोज तपासा

हे काम फारसं कुणी करत नाही, पण आपल्याकडे ते सगळ्यांत गरजेचं आहे. जुळवलेल्या किंवा दुरुस्तीला देऊन आणलेल्या कॉम्प्युटरवर पुष्कळदा क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता फसवून चालवलेलं, विंडोज असतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

'सेटिंग्ज › सिस्टिम › ॲक्टिव्हेशन' उघडा. 'डिजिटल लायसन्स' असा उल्लेख असेल तर बहुधा ठीक आहे. तिथे 'ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस' असे शब्द दिसले तर मात्र कान टवकारा. ही पद्धत मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तीत कॉम्प्युटर ऑफिसच्या सर्व्हरशी बोलून १८० दिवसांची परवानगी घेतो आणि ती पुन्हा पुन्हा वाढवतो. तुमच्या घरी असा सर्व्हर नाही. म्हणजे त्याचं सोंग आणणारा एक प्रोग्राम तुमच्याच कॉम्प्युटरवर बसवलेला आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी.

त्यानंतर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' आणि त्याखालच्या 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये जा. अगदी तळाला 'एक्सक्लूजन्स' आहे. डिफेंडर, म्हणजे विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस, याने कुठे बघायचं नाही याची ही यादी. क्रॅक करणारी साधनं पकडली जाऊ नयेत म्हणून त्यांचा फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्हच, इथे टाकून ठेवलेला असतो. पुढे वरती सगळीकडे हिरवी खूण दिसते आणि डिफेंडर प्रत्यक्षात डोळे मिटून बसलेला असतो. तुम्ही स्वतः टाकलेली नसेल अशी प्रत्येक नोंद 'रिमूव्ह' करा आणि लगेच 'फुल स्कॅन' लावा.

क्रॅक सापडलाच तर तो पुसून भागत नाही, कारण त्याच्याबरोबर आणखी काय आलं हे सांगता येत नाही. सरळ विंडोज नव्याने टाका. ब्रँडेड लॅपटॉपबरोबर विंडोज आलेलं असेल तर त्याची की मदरबोर्डमध्येच असते आणि तीच आवृत्ती टाकल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानदाराने होमच्या जागी क्रॅक केलेलं प्रो टाकलेलं असेल, तर पुन्हा होम टाकलं की तुमचं अधिकृत लायसन्स परत मिळतं.

अपडेट

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर व्हायरस १२ मे २०१७ ला जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून घुसला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. म्हणजे हाताशी दोन महिने होते.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेचे अपडेट सोडते. भारतात तेव्हा रात्र असते. त्या आठवड्यात एकदा 'सेटिंग्ज › विंडोज अपडेट' उघडून 'चेक फॉर अपडेट्स' दाबा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. नुसतं झाकण मिटून लॅपटॉप झोपवत राहिलं तर उतरलेले अपडेट बसतच नाहीत. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये 'रिसीव्ह अपडेट्स फॉर अदर मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट्स' चालू ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरांनी त्या वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'मीटर्ड कनेक्शन' बघावं. ते चालू असेल तर बरेच अपडेट उतरत नाहीत आणि विंडोज त्याबद्दल फार आरडाओरडाही करत नाही. विजेचा भरवसा नसेल तिथे डेस्कटॉपचा अपडेट यूपीएस किंवा इन्व्हर्टर चालू असतानाच लावा. अपडेट बसत असताना वीज गेली तर कॉम्प्युटर सुरू व्हायला नखरे करतो.

विंडोज की आणि आर दाबून 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत (winver) टाइप केला की आवृत्ती दिसते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्ज सिंक केली तर त्याचे पैसे पडत नाहीत. पण ही डागडुजी झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तो नसेल आणि काम फक्त ब्राउझर आणि यूट्यूबचं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. अपडेट बंद झालेल्या विंडोजवरून बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आपणहून अपडेट न होणारे प्रोग्राम ही वेगळीच डोकेदुखी आहे. विनरार आणि सेव्हन-झिप हे फाइली आवळून एकत्र बांधणारे प्रोग्राम वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. विनरारमधल्या त्रुटी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरल्या. विंडोज ११ आता आरएआर फाइल स्वतःच उघडतं, त्यामुळे विनरार काढूनच टाका. 'इन्स्टॉल्ड ॲप्स' ची यादी वरपासून खालपर्यंत बघा आणि वर्षभरात हात लावलेला नाही ते सगळं काढा.

रोजचं अकाउंट ॲडमिनचं नको

विंडोज बसवताना तयार होणारं पहिलं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं आणि घरातले सगळे तेच वापरतात. त्यावर परवानगीची चौकट आली की नुसतं 'यस' दाबून काम होतं. साध्या अकाउंटवर तीच चौकट ॲडमिनचा पासवर्ड मागते. आठवीतल्या मुलाने गेमचा 'मॉड' उतरवला तरी तो पासवर्डपाशी अडतो आणि 'बाबा, जरा इकडे या' अशी हाक येते. तेवढी अडचण यायलाच हवी.

क्रम चुकवू नका:

१. 'सेटिंग्ज › अकाउंट्स › अदर यूजर्स' मध्ये 'ॲड अकाउंट' दाबा. 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढे 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा.

२. नाव काहीही द्या, पासवर्ड भक्कम ठेवा. विंडोज तीन प्रश्न विचारतं: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव वगैरे. खरी उत्तरं देऊ नका, घरातल्या कुणालाही ती माहीत असतात. असंबद्ध उत्तरं द्या आणि कागदावर लिहून ठेवा.

३. नव्या अकाउंटवर क्लिक करून 'चेंज अकाउंट टाइप' मध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा.

४. साइन आउट करून नव्या अकाउंटमध्ये एकदा खरोखर शिरून बघा. पासवर्ड चालतो याची खात्री करा.

५. आता तिथूनच जुन्या, रोजच्या अकाउंटला 'स्टँडर्ड यूजर' करा.

चौथी पायरी गाळून जुनं अकाउंट उतरवलं आणि नव्याचा पासवर्ड चुकीचा टाइप झालेला असला, तर घरात एकही ॲडमिन उरत नाही. ते निस्तरताना बहुधा विंडोज रीसेटपर्यंत जावं लागतं. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र साधं अकाउंट दिलं तर आणखी छान. एकाच्या अकाउंटवर काही घडलं तरी दुसऱ्याच्या फाइलींना सहसा धक्का लागत नाही.

या उपायाला मर्यादा आहे. साध्या अकाउंटवर चाललेलं रॅन्समवेअरसुद्धा त्या माणसाच्या स्वतःच्या फाइली कुलूपबंद करू शकतं, त्याला ॲडमिन लागत नाही. डिफेंडर बंद पाडायला आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायला मात्र ॲडमिनचे अधिकार लागतात. साध्या अकाउंटने एवढं वाचतं. उरलेलं कपाटातल्या डिस्कवर.

डिफेंडर नीट लावून घ्या

नव्या लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपली की नुसता बसून राहतो, आणि तो आहे म्हणून डिफेंडरही बाजूला झालेला असतो. तो अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप चालू होईल. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवून दुप्पट सुरक्षा मिळत नाही. ते एकमेकांच्या पायात येतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. पुण्याच्या क्विक हीलसारखं एखादं आधीच विकत घेतलेलं असेल तर मुदत संपेपर्यंत खुशाल वापरा.

'विंडोज सिक्युरिटी' मध्ये तीन गोष्टी बघा. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू हवं. ते असलं की दुसरा प्रोग्राम डिफेंडरची सेटिंग्ज बदलू शकत नाही. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' मधल्या 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' खाली 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा आणि त्याखालच्या दोन्ही चौकटींत खूण करा. फुकट कन्व्हर्टरबरोबर येणारा कचरा इथे अडतो. तिसरी गोष्ट 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मधली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये काही लिहिता येत नाही. डी ड्राइव्हवरचे फोल्डर 'प्रोटेक्टेड फोल्डर्स' मध्ये हाताने घालावे लागतात.

ही तिसरी सोय चांगली आहे, पण त्रासही देते. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर, काही गेम, टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्राम सेव्ह करताना अडखळतात आणि 'फाइल सापडत नाही' असा दिशाभूल करणारा संदेश देतात. 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये कोण अडवलं गेलं ते दिसतं. ओळखीचा प्रोग्राम असेल तर तिथूनच 'अलाऊ' करा. वैतागून सगळंच बंद करू नका.

फाइल उघडण्यापूर्वी

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळे 'लाइटबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'लाइटबिल.पीडीएफ' दिसते, चिन्हही पीडीएफचं लावलेलं असतं. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू › शो › फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. पीडीएफ, जेपीजी, डॉकएक्स यांच्याऐवजी शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, एलएनके, बीएटी किंवा एमएसआय असेल आणि ती बिल, फोटो किंवा नोटीस म्हणून आली असेल, तर सरळ डिलीट.

क्रॅक, कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारा प्रोग्राम), ॲक्टिव्हेटर यांच्यापासून लांब राहा. घरगुती वापरकर्त्यांना सतावणारं 'स्टॉप', ऊर्फ 'डीजेव्हीयू', हे रॅन्समवेअर मुख्यतः याच मार्गाने पसरलं. क्रॅकच्या पानावर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं आणि माणसं तसं करतात! मराठी टाइप करण्यासाठीही कुठल्या तरी साइटवरून टायपिंग टूल उतरवायची गरज नाही. 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट आणि 'मराठी फोनेटिक' हे दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतात.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेलेला पेन ड्राइव्ह परत येतो तेव्हा कधी कधी सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात. ते डबल-क्लिक करू नका, प्रत्येक शॉर्टकट व्हायरसच चालवतो. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. ड्राइव्हवर राइट-क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. मग 'फोल्डर ऑप्शन्स › व्ह्यू' मध्ये 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ची खूण काढा. मूळ फोल्डर दिसेल. त्यातलं कामाचं तेवढं उचला आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

गेल्या काही वर्षांत फोफावलेली एक युक्ती घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. वेबसाइटवर 'मी रोबो नाही' सारखी चौकट येते आणि पुढे सूचना असतात: विंडोज की आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर मारा. चौकटीवर क्लिक करताच एक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर गेलेली असते. ती आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. ब्राउझरमधले पासवर्ड चोरायला ॲडमिन लागत नाही, त्यामुळे इथे साधं अकाउंटही वाचवत नाही. खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर काही टाइप करायला कधीच सांगत नाही.

ब्राउझर

उजव्या कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं येत असेल तर बहुधा तो व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटला 'अलाऊ' म्हटल्यामुळे तिच्या जाहिराती येत असतात. क्रोममध्ये 'सेटिंग्ज › प्रायव्हसी अँड सिक्युरिटी › साइट सेटिंग्ज › नोटिफिकेशन्स' मध्ये जाऊन परवानगी दिलेल्या अनोळखी साइट काढा. वर 'डोन्ट अलाऊ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स' निवडलं की हा विषयच संपतो.

पूर्ण पडदा व्यापणारा, भोंगा वाजवणारा आणि फोन नंबर देणारा इशारा आला तर एस्केप की दाबून धरा. नाही गेला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं 'रिस्टोअर' करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.

ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, म्हणजे एक्स्टेन्शनची, यादी पाच मिनिटांत तपासून होते. जाहिराती अडवणारं एक आणि पासवर्ड लक्षात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर एवढी दोन बहुतेकांना पुरतात. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमवर आता त्याची 'लाइट' आवृत्तीच घ्यावी लागते.

पासवर्ड

मुलाचं नाव आणि जन्मसाल, गणपतीच्या नावापुढे १२३, गाडीचा नंबर, 'जयमहाराष्ट्र' पुढे @. हे पासवर्ड अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत कधीच जाऊन बसले आहेत. त्याहून मोठा धोका एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यात आहे. एखाद्या खरेदीच्या साइटवरून तो फुटला की चोर तोच घेऊन ईमेलवर जातो.

बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरची मोफत आवृत्ती घ्या. सगळं आपल्याच डिस्कवर ठेवायचं असेल तर कीपासएक्ससी. मॅनेजर उघडण्याचा मुख्य पासवर्ड एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या पाच शब्दांचा करा. म्हणी, अभंगाच्या ओळी, गाण्याचे मुखडे नकोत. शब्दकोशाची पानं कशीही उघडून बोट ठेवा. मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करताना एक घोळ होतो. 'पाऊस' तीन-चार प्रकारे लिहिता येतो आणि महिन्याभराने कोणता प्रकार वापरला होता ते आठवत नाही. एकच स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. घरफोडी करणारा तुमचा ईमेल शोधत येत नाही.

सगळे पासवर्ड एका बैठकीत बदलायला बसलात तर कंटाळून सोडून द्याल. आधी ईमेल, कारण बाकीच्यांची 'पासवर्ड विसरलात?' ची पत्रं तिथेच येतात. त्यानंतर बँक, आयकर आणि डिजिलॉकर. बाकीचे जसजसे वापरात येतील तसे. दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ती सक्ती काढून टाकण्याची शिफारस केली, कारण सक्ती झाली की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर ईमेल पत्ता टाकून तो कोणत्या गळतीत सापडला ते बघा. सापडला असेल तर त्या साइटचा पासवर्ड लगेच बदला.

ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, शक्यतो फोनवर सतत बदलणारा कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपने. गुगल आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं. ते छापून त्याच कागदाबरोबर ठेवा. फोन हरवला आणि कोड नसले तर स्वतःच्याच ईमेलमध्ये शिरणं मुश्कील होतं.

लॅपटॉप चोरीला गेला तर

विंडोजचा पासवर्ड असला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाइली वाचता येतात. ते टाळायला 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी › डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय, चालू हवी. नव्या लॅपटॉपवर ते पुष्कळदा तुम्हाला न विचारताच चालू झालेलं असतं. बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती नसेल तर फाइली कायमच्या गेल्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर आपल्या उपकरणाच्या नोंदीत ती की दिसते. आजच छापून घ्या.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल ही रीत सगळ्यांनाच माहीत आहे. देताना शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड' आधार द्या. आधार, पॅन, सातबारा, दस्त असा संच सेव्हन-झिपने पासवर्ड आणि एईएस-२५६ एन्क्रिप्शन लावून, 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' वर खूण करून बंद करा आणि उघड्या प्रती पुसा.

राउटर

केबलवाल्याने जोडणी देताना वाय-फायचा पासवर्ड म्हणून तुमचा मोबाइल नंबरच ठेवला असेल. भारतातला मोबाइल नंबर ६ ते ९ पैकी एकाने सुरू होतो, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. शेजारी बसून तुमच्या वाय-फायची जोडणी होतानाची देवाणघेवाण टिपली, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डवर त्या सगळ्या शक्यता तासाभरात तपासून होतात. चार असंबद्ध शब्दांचा पासवर्ड ठेवा.

राउटरच्या मागच्या पट्टीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये तो टाकून आत शिरा. ॲडमिन पासवर्ड बदला, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस वर ठेवा, 'डब्ल्यूपीएस' (बटण किंवा पिनने जोडणी) आणि 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून राउटर चालवणं) बंद करा, फर्मवेअरचा, म्हणजे राउटरमधल्या प्रोग्रामचा, अपडेट बघा. कॅमेरे आणि स्मार्ट टीव्ही 'गेस्ट' नेटवर्कवर टाका. पासवर्ड माहीत नाही म्हणून मागचं रीसेटचं भोक टोचू नका. इंटरनेट कंपनीने भरलेलं यूजरनेम-पासवर्ड त्यात पुसलं जातं आणि माणूस येईपर्यंत नेट बंद राहतं. आधी कंपनीकडून ते मागून घ्या.

घडलंच तर

ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुरून कॉम्प्युटर चालवण्याची साधनं वाईट नाहीत, पण त्यांचा कोड फोनवरच्या माणसाला देणं म्हणजे माउस त्याच्या हातात देणं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं. असं झालं किंवा संशयास्पद काही चालवलं गेलं, तर पहिल्यांदा वाय-फाय बंद करा किंवा लॅनची वायर उपटा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येतो, म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात.

पासवर्ड बदला, पण दुसऱ्या उपकरणावरून. ईमेलपासून सुरुवात करा आणि 'सगळीकडून साइन आउट' जरूर दाबा. चोराने ब्राउझरमधलं चालू सत्र, म्हणजे आधीच साइन-इन झाल्याची खूण, उचललेलं असेल तर त्याला पासवर्डची गरजच नसते.

मग 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. पासवर्ड चोरणारं किंवा फाइली कुलूपबंद करणारं काही सापडलं तर विंडोज नव्याने टाका. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा, बसवताना जुनी सगळी पार्टिशन्स (डिस्कचे सी, डी असे भाग) पुसा, अपडेट पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच बॅकअपची डिस्क जोडा. डी ड्राइव्हवर बॅकअप नसलेलं काही असेल तर पुसण्याआधी ते वेगळ्या डिस्कवर काढा, पण त्यातली एकही ईएक्सई फाइल परत आणू नका.

कुलूपबंद झालेल्या फाइली आणि खंडणीची चिठ्ठी फेकू नका. युरोपोल आणि डच पोलीस यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर नमुना फाइल टाकली की कोणतं रॅन्समवेअर आहे आणि त्याची मोफत किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. आज नसली तरी पुढे निघू शकते, त्यामुळे त्या फाइली एका जुन्या डिस्कवर ठेवून द्या.